तेलाच्या विहिरीची भाषा

प्रत्येक धंद्याची एक स्वतंत्र भाषा असते, आणि त्या धंद्यांत हात घातल्यावांचून ती पुरती उमगत नाहीं. साध्या पाण्याच्या विहिरीचेंच उदाहरण घ्यावें. मोट, नाडा, सोंदूर, धांव, थारोळें हे शब्द जेव्हां कुणब्याच्या नित्याच्या बोलण्यांत होते, तेव्हां ते शिकविण्याकरितां शाळा लागत नव्हती. बैलांच्या मागून चालणाऱ्या पोरालाहि ते ठाऊक असत. पुढें मोट गेली, इंजिन आलें, मग विजेचा पंप आला. आणि आतां विदर्भांतील खेड्याखेड्यांत ‘बोअर मारला’, ‘केसिंग टाकलें’, ‘दोनशें फुटांवर पाणी लागलें’ अशी नवी बोली सहज कानांवर येते. बोअर आणि केसिंग हे शब्द कोणत्याहि कोशकारानें खेड्यांत नेले नाहींत. ते यंत्राच्या गाडीवर बसून आले आणि पाणी लागतांच घरचे झाले. शब्द हा कामाच्या मागून येतो. काम परकें राहिलें तर शब्दहि परकाच राहतो.

तेलाच्या विहिरीसंबंधानें नेमकें हेंच घडलें आहे. सुशिक्षित गृहस्थाच्या घरीं आज स्वयंपाक वायूवर होतो, वाहन पेट्रोलवर चालतें, आणि अंगावरच्या कपड्यांतहि खनिज तेलापासून काढलेल्या धाग्याचा वांटा असतो. नागपूरहून वर्ध्याच्या वाटेवर सुमारें तीस किलोमीटरांवर असलेल्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत पॉलिएस्टरचा धागा तयार होतो. कापसाच्या मुलखांत निघणाऱ्या ह्या धाग्याचें मूळ कपाशीच्या बोंडांत नाहीं, तर तेलाच्या विहिरींत आहे. वर्तमानपत्रांत रोज ‘बॅरल’चा भाव येतो, ‘मुंबई हाय’चें नांव येतें, कोठें ‘साठा सांपडल्या’ची वार्ता येते. शब्द ओळखीचे असतात, अर्थ मात्र बहुधा अंदाजानेंच लावलेला असतो. ह्या शब्दांचा इतिहास पाहिला म्हणजे अर्थ तर उलगडतोच, परंतु तो अर्थ न कळल्यानें काय हानि होते तेंहि ध्यानांत येतें.

ह्या इतिहासाचें एक टोंक खुद्द बुटीबोरीच्या परिसरांतच सांपडतें. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आला. धर्मोपदेश आणि अध्यापन हें त्याचें काम. पण त्याची दृष्टि नेहमीं दगडधोंड्यांवर असे. आपला सहकारी रॉबर्ट हंटर ह्याच्यासह त्यानें नागपूरच्या भोंवतालचे खडक आणि त्यांतील जीवाश्म ह्यांचा अभ्यास केला, आणि १८५५ सालीं तो लंडनच्या भूविज्ञान-मंडळाच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाला. नागपूरजवळच्या टाकळी येथें काळ्या पाषाणाच्या दोन थरांच्या मध्यें गोड्या पाण्यांतील शिंपल्यांचे व वनस्पतींचे अवशेष त्यांना मिळाले. त्यावरून असें दिसून आलें कीं, हा पाषाण एकाच वेळीं ओतला गेला नाहीं. एक थर थंडावल्यावर त्यावर तळीं साचलीं, झाडें उगवलीं, आणि मग पुन्हां तप्त रस आला. १८६३ च्या सप्टेंबरांत मध्यप्रांताचे त्या वेळचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल ह्यांच्याबरोबर हिस्लॉप टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहण्यास गेला. तेथून बोरीच्या मुक्कामाकडे परततांना, ४ सप्टेंबर रोजीं, पुरानें फुगलेल्या ओढ्यांत तो बुडाला. ज्या जमिनीचा इतिहास तो वाचीत होता, त्याच जमिनीनें त्याला आपल्या पोटांत घेतलें. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्याचेंच नांव चालवीत आहे.

हिस्लॉपनें अभ्यासिलेल्या ह्या काळ्या पाषाणाला शास्त्रीय ग्रंथांत ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. दख्खनच्या खडकास हें नांव कर्नल साइक्स ह्यानें १८३३ सालीं दिलें. ‘ट्रॅप’ हा शब्द मूळ स्वीडिश भाषेंतील. त्याचा अर्थ जिना किंवा पायरी. सह्याद्रीचे कडे दुरून पाहिले म्हणजे एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे दिसतात, म्हणून हें नांव शोभतें. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूमीच्या भेगांतून वाहिलेल्या रसाचे हे थर आजहि सुमारें पांच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहेत. पश्चिमेस त्यांची जाडी कोठें कोठें दोन किलोमीटरांपर्यंत भरते. नागपूरकडे ते पातळ होत जातात आणि शहराच्या आसपासच त्यांची पूर्वसीमा येते. मराठी माणसाजवळ ह्या खडकाला काळा पाषाण, कातळ, फत्तर असे कितीतरी शब्द होते. परंतु जगाच्या ग्रंथांत स्वीडनचा जिना शिरला, कारण ग्रंथ लिहिणारे हात तिकडचे होते.

याच्या उलट उदाहरणहि ह्याच प्रांताचें आहे. काळ्या पाषाणाच्या खालीं आणि पूर्वेस जे जुने वालुकाश्म आहेत, ज्यांत कामठी, उमरेड, चंद्रपूर येथील दगडी कोळसा सांपडतो, त्यांना ‘गोंडवन’ खडक म्हणतात. मेडलिकॉट ह्या भूशास्त्रज्ञानें १८७२ च्या सुमारास तें नांव योजिलें आणि पुढें ऑस्ट्रियाचा शास्त्रज्ञ स्यूस ह्यानें एका संपूर्ण पुरातन खंडालाच ‘गोंडवनलँड’ म्हटलें. ज्या गोंड राजांपैकीं बख्त बुलंदानें नागपूर वसविलें, त्यांच्या लोकांचें नांव आज दक्षिण अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत आहे. आपला शब्द जगांत चालत नाहीं ही समजूत खरी नाहीं. जेथें दाखविण्याजोगी वस्तु आपल्याकडे होती, तेथें शब्दहि आपलाच चालला.

येथें एक प्रश्न साहजिक उभा राहतो. विदर्भाच्या पोटांत कोळसा आहे, मग तेल कां नाहीं? कोळसा होतो तो मुख्यतः जमिनीवरच्या दाट अरण्यांचा. तेल होतें तें बहुतांशीं समुद्रांतील सूक्ष्म जीवांच्या अवशेषांचें. हे जीव मरून तळाच्या चिखलांत गाडले जातात, वर नवे थर सांचतात, खालची उष्णता वाढते, आणि लक्षावधि वर्षांनीं त्यांचें तेल व वायु बनतो. ज्या खडकांत ही क्रिया घडते त्याला ‘सोर्स रॉक’, म्हणजे जनक-खडक, असें नांव आहे. पण तेल आपल्या जन्मस्थानीं क्वचितच राहतें. तें पाण्याहून हलकें, म्हणून फटींतून वर चढूं लागतें आणि एखाद्या सच्छिद्र खडकांत शिरतें. ह्या दुसऱ्या खडकास ‘रिझर्व्हॉयर’ म्हणतात, आणि येथेंच पहिला मोठा गैरसमज होतो. रिझर्व्हॉयर म्हणतांच शहरवासीयांच्या डोळ्यांपुढें पाणीपुरवठ्याचा तलाव उभा राहतो आणि भूगर्भांत तेलाचें सरोवर असेल अशी कल्पना होते. वस्तुतः तेथें सरोवर नसतें. भिजलेल्या विटेंत जसें पाणी मुरलेलें असतें, तसें खडकाच्या कणाकणांत तें तेल मुरलेलें असतें. खडकांत पोकळी किती हें ‘पोरॉसिटी’ सांगते; त्या पोकळ्या एकमेकींस जोडलेल्या आहेत कीं नाहींत, तेल त्यांतून वाहूं शकेल कीं नाहीं, हें ‘पर्मिअ‍ॅबिलिटी’ सांगते. पहिलीला सच्छिद्रता आणि दुसरीला झिरपण म्हटलें तर कोणाहि गृहिणीला कळेल. कारण नवा माठ पाझरतो आणि चिनी मातीची बरणी पाझरत नाहीं, हें तिला पुस्तकावांचून ठाऊक आहे.

वर चढणारें तेल अडविणारें कांहीं नसेल तर तें भूपृष्ठावर येऊन वाया जातें. त्याला अडविणारा घट्ट थर, म्हणजे ‘कॅप रॉक’ किंवा झांकणाचा खडक, आणि त्या झांकणाला उपड्या वाटीसारखा आकार, हीं दोन्ही जुळलीं म्हणजे तेथें तेल कोंडून राहतें. अशा जागेलाहि ‘ट्रॅप’ हेंच नांव आहे! परंतु हा ट्रॅप स्वीडनचा जिना नव्हे. हा इंग्रजीचा सापळा. देवनागरींत दोहोंचें रूप एकच असल्यानें घोटाळा होणें साहजिक आहे. डेक्कन ट्रॅप म्हणजे पायऱ्यांचा पाषाण, आणि ऑइल ट्रॅप म्हणजे तेलाचा सापळा. विशेष हें कीं, पहिला ट्रॅप दुसऱ्याच्या शोधांत आडवा येतो. तेलाचे सापळे शोधण्याची प्रमुख रीत ‘साइस्मिक’ सर्वेक्षणाची. म्हणजे जमिनीला किंवा पाण्याला कृत्रिम धक्का द्यावयाचा आणि खालच्या थरांवरून परत येणारे प्रतिध्वनि टिपून घ्यावयाचे. काळ्या पाषाणाच्या जाड, कठीण थरांत हे प्रतिध्वनि विस्कळीत होतात, आणि त्याखालीं काय आहे तें धूसर दिसतें. दख्खनच्या बहुतेक भागांत पायऱ्यांनीं सापळे झांकून टाकले आहेत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

शास्त्रज्ञांचे हे शब्द पुस्तकांतून आले; सामान्य घरांत मात्र खनिज तेल शिरलें तें बाजाराच्या वाटेनें. १८५४ सालीं कॅनडाचा भूशास्त्रज्ञ अब्राहम गेस्नर ह्यानें ग्रीक भाषेंतील मेणाच्या शब्दावरून ‘केरोसीन’ हें नांव बनविलें. मराठी घरानें तें नांव घेतलें नाहीं. ‘रॉक ऑइल’चें त्यानें रॉकेल केलें, ‘गॅसलाइट’चें घासलेट केलें, आणि नागपूर-वऱ्हाडाकडे हिंदीच्या शेजारानें ‘मातीचें तेल’ हाहि शब्द रूढ झाला. तिन्ही शब्दांचें शुद्धीकरण कोणी केलें नाहीं, तिन्हींना कोणाची मान्यता लागली नाहीं. कंदील पुसणाऱ्या हातांनीं ते घडविले आणि ते टिकले. चार गॅलनांचा चौकोनी पत्र्याचा डबा तर तेल संपल्यावरहि घरांत राहिला. त्यांत धान्य साठविलें, पाणी तापविलें, तुळस लावली. एक परदेशी माल घरांत आला आणि आपल्याबरोबर तीन शब्द व एक भांडें देऊन गेला.

तेलविहिरीची म्हणून जी खास भाषा आहे, तिची टांकसाळ अमेरिकेंत होती. २७ ऑगस्ट १८५९ रोजीं पेनसिल्व्हानियांतील टायटसव्हिल येथें एडविन ड्रेक ह्याच्या विहिरीस साडेएकोणसत्तर फुटांवर तेल लागलें. तेलाचा शोध त्यानें लावला असें मात्र नव्हे. ब्रह्मदेशांतील येनांजाऊं येथें त्यापूर्वींच कित्येक पिढ्या हातानें विहिरी खणून तेल काढीत असत आणि त्या विहिरींचा हक्क ठराविक घराण्यांकडे वंशपरंपरेनें चाले. ड्रेकनें नळ ठोकून खोल छिद्र घेण्याची रीत तेलाच्या कामीं यशस्वी करून दाखविली, आणि तिच्यामागून जो जनसमुदाय धांवला त्यानें ही भाषा घडविली. तेल भरण्यास दारूचीं, मिठाचीं, माशांचीं मिळतील तीं पिंपें घेतलीं गेलीं. भांडणें होऊं लागलीं म्हणून व्यापाऱ्यांनीं बेचाळीस गॅलनांचें माप ठरविलें आणि १८७२ सालीं उत्पादकांच्या संघानें तें मान्य केलें. हाच आजचा ‘बॅरल’, सुमारें १५९ लिटरांचा. खरें लांकडी पिंप केव्हांच नाहींसें झालें. नळांतून आणि जहाजांतून वाहणारें तेल मात्र अद्याप त्याच पिंपानें मोजलें जातें. एका टनांत साधारणतः सात ते साडेसात बॅरल बसतात, एवढें ध्यानांत ठेवलें तरी वर्तमानपत्रांतील निम्मे आंकडे सुगम होतील.

विहिरीवरील उंच मनोऱ्याला ‘डेरिक’ म्हणतात. सोळाशे सालाच्या सुमारास लंडनमध्यें डेरिक नांवाचा एक फांशी देणारा होऊन गेला; त्याच्या नांवावरून फांशीच्या खांबाला, तेथून ओझें उचलणाऱ्या यारीला, आणि अखेरीस तेलाच्या मनोऱ्याला हें नांव मिळालें. अज्ञात प्रदेशांत प्रथमच घेतलेल्या विहिरीस ‘वाइल्डकॅट’ म्हणतात. जेथें रानमांजराखेरीज कोणी फिरकत नाहीं अशा जागीं घेतलेली विहीर, असा त्याचा अर्थ सांगतात. विहीर सुरू करण्यास ‘स्पड’ करणें म्हणतात. स्पड म्हणजे लहान कुदळीसारखें एक हत्यार. आपल्याकडे कामाचा आरंभ करतांना ‘पहिली कुदळ मारली’ असें म्हणतात; दोन दूरच्या देशांतील कामकऱ्यांच्या मनांत एकच चित्र उमटलें ही मौजेची गोष्ट आहे. तेल लागल्यावर विहिरीच्या तोंडावर ज्या झडपा आणि तोट्या बसवितात, त्यांच्या जुडग्याला ‘क्रिसमस ट्री’ म्हणतात. कारण नाताळांत सजविलेल्या झाडासारखा त्याचा आकार दिसतो. हेंच यंत्र प्रथम महाराष्ट्रांत घडतें तर त्याचें नांव दीपमाळ पडलें असतें.

ह्या सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत गांवंढळ वाटणारा शब्द म्हणजे ‘मड’, चिखल. १९०१ सालीं टेक्ससमधील स्पिंडलटॉप येथें विहिरीची वाळू ढासळूं लागली तेव्हां डबक्यांत जनावरें फिरवून चिखल केला आणि तो पाण्याऐवजीं विहिरींत सोडला, अशी हकीकत सांगतात. आज हा चिखल मोजूनमापून तयार करतात. पोकळ नळांतून तो खालीं जातो, फिरणाऱ्या टोंकाला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर घेऊन येतो, आणि मुख्य म्हणजे आपल्या वजनानें खालच्या तेल-वायूचा दाब दाबून ठेवतो. चिखल हलका झाला आणि दाब वरचढ झाला तर वायु उसळून बाहेर येतो. त्या आपत्तीस ‘ब्लोआउट’ म्हणतात, आणि ती रोखण्यासाठीं विहिरीच्या तोंडावर बसविलेल्या झडपांच्या यंत्रास ‘ब्लोआउट प्रिव्हेंटर’.

भारतांत हें काम आसामांत सुरू झालें. डिगबोई येथें १८८९ सालीं घेतलेल्या विहिरीस तेल लागलें आणि १९०१ सालीं तेथें शुद्धीकरणाचा कारखाना उघडला. परंतु तेलाचा शोध हा राष्ट्राच्या स्वतःच्या हातांत आला तो स्वातंत्र्यानंतर. ऑगस्ट १९५६ मध्यें तेल व नैसर्गिक वायु आयोग स्थापन झाला. केशव देव मालवीय ह्यांनीं त्याचा पाया घातला. रशिया आणि रुमानिया ह्या देशांनीं यंत्रें व तज्ज्ञ दिले. १९५८ सालीं खंबायतजवळ लुणेज येथें तेल लागलें. १९६० सालीं अंकलेश्वरास लागलें, आणि तेथील विहिरीस पंडित नेहरूंनीं ‘वसुधारा’ हें नांव दिलें. विहिरीला आपल्या भाषेंतील नांव मिळण्याची ती नुसती हौस नव्हती. काम आपलें झाल्याची ती खूण होती.

यानंतर दृष्टि समुद्राकडे वळली. खंबायतच्या आखातांत आणि मुंबईच्या समुद्रांत रशियन जहाजाच्या साहाय्यानें जें सर्वेक्षण झालें, त्यांत मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरांवर समुद्रतळाखालीं एक विस्तीर्ण उंचवटा आढळला. भूशास्त्राच्या भाषेंत खडकांच्या अशा उंचवट्याला ‘हाय’ म्हणतात, आणि तेंच नांव ‘बॉम्बे हाय’, पुढें ‘मुंबई हाय’ म्हणून रूढ झालें. त्या ‘हाय’चा हायकोर्टाशीं कांहीं संबंध नाहीं, आणि मराठींतील दुःखोद्गाराशीं तर मुळींच नाहीं. हा उंचवटा म्हणजेच उपडी वाटी, तेलाचा सापळा. त्याच्या तळाशीं पुष्कळ भागांत जो खडक लागतो तो दुसरा कोणता नसून डेक्कन ट्रॅप आहे. टाकळघाटच्या ओढ्याकांठीं जो काळा पाषाण उघडा पडला आहे, त्याचाच भाऊबंद समुद्राच्या तळाखालीं मुंबई हायची बैठक बनून राहिला आहे. त्यावर पुढच्या काळांत समुद्रांतील चुनखडीचे थर बसले, आणि सुमारें दोन कोटि वर्षांपूर्वींच्या त्या चुनखडींत आजचें तेल मुरलेलें आहे.

जपानांत बांधलेली ‘सागर सम्राट’ ही नौका १९७३ सालीं दाखल झाली. अशा नौकेस ‘जॅक-अप रिग’ म्हणतात. ठरल्या जागीं गेल्यावर ती आपले लांब पाय समुद्रतळावर टेकते आणि जॅकनें मोटार उचलावी तशी स्वतःस पाण्याच्या वर उचलून घेते. सुमारें पंचाहत्तर मीटर खोल पाण्यांत उभी राहून तिनें ३१ जानेवारी १९७४ रोजीं पहिली विहीर सुरू केली, आणि १९ फेब्रुवारी रोजीं तेल लागलें. आदल्याच वर्षीं पश्चिम आशियांतील युद्धानंतर तेलाचे भाव चौपटीच्या घरांत गेले होते. त्यामुळें ह्या वार्तेचें मोल देशानें तात्काळ ओळखलें. २१ मे १९७६ रोजीं उत्पादन सुरू झालें. सागर सम्राटचें चित्र पुढें एक रुपयाच्या नोटेवर छापलें गेलें. कोट्यवधि लोकांनीं तें हाताळलें, जरी तें कशाचें चित्र आहे हें थोड्यांनींच विचारलें असेल. ऐंशीच्या दशकांत ह्या क्षेत्रानें वर्षाला दोन कोटि टनांच्या आसपास, म्हणजे दिवसाला चार लाख बॅरलपर्यंत, तेल दिलें. त्याच्या शेजारीं जीं नवीं क्षेत्रें सांपडलीं त्यांना हिरा, नीलम, पन्ना, मुक्ता, रत्ना अशीं नांवें मिळालीं. जवाहिऱ्याच्या पेटींतलीं हीं नांवें परदेशी तज्ज्ञहि आज तशींच उच्चारतात.

मुंबई हायचें तेल ‘स्वीट’ म्हणजे गोड जातीचें आहे, असें म्हणतात. येथें शब्दशः भाषांतर केलें तर मोठा विनोद घडेल. कारण मराठींत ‘गोडें तेल’ म्हणजे फोडणीचें तेल. स्वीट म्हणजे ज्यांत गंधक अल्प तें. ज्यांत गंधक पुष्कळ तें ‘सावर’, म्हणजे आंबट. वसईच्या समुद्रांतील वायु ह्या दुसऱ्या जातीचा. त्यांत गंधकयुक्त विषारी वायु मिसळलेला असल्यानें हजिरा येथें तो काढून टाकावा लागतो. ह्या शुद्धीलाहि ‘स्वीटनिंग’ म्हणतात, पण तेथें साखरेचा संबंध नाहीं. शब्दाला शब्द देऊन अर्थ पोंचत नाहीं, ह्याचें याहून चांगलें उदाहरण मिळणें कठीण.

येथवर ज्या शब्दांचा विचार झाला त्यांच्या अज्ञानानें फार तर विनोद होईल. परंतु कांहीं शब्द असे आहेत कीं त्यांच्या मागें माणसांचे प्राण आणि राष्ट्राचा पैसा उभा असतो. ब्लोआउट म्हणजे काय, हें मुंबई हायनें जुलै १९८२ मध्यें पाहिलें. ‘सागर विकास’ ह्या नौकेवरील विहीर उसळली आणि पेटली. ‘रायझर’ हा दुसरा शब्द. समुद्रतळावरचें तेल व वायु फलाटावर चढवून आणणाऱ्या उभ्या नळाला रायझर म्हणतात. २७ जुलै २००५ रोजीं, पावसाळी खवळलेल्या समुद्रांत, ‘समुद्र सुरक्षा’ हें साहाय्यक जहाज मुंबई हायच्या उत्तर भागांतील फलाटाजवळ आलें असतां त्यावर आदळलें आणि वायूच्या रायझरला धक्का बसला. वायु पेटला, आणि पाहतां पाहतां संपूर्ण फलाट जळून समुद्रांत कोसळला. साडेतीनशेंहून अधिक माणसें वांचविण्यांत आलीं. बावीस जण प्राणांस मुकले. त्या दिवशीं वर्तमानपत्रांनीं ‘तेलविहिरीला आग’ असें लिहिलें. विहीर आणि रायझर ह्यांतील भेद वाचकाला ठाऊक असता, तर आग कां लागली एवढेंच विचारून तो थांबला नसता. भरलेल्या रायझरच्या इतक्या जवळ जहाज कां यावें लागलें, त्या नळांना संरक्षण कोणतें होतें, हे प्रश्न त्यानें केले असते. योग्य शब्द हाताशीं असल्यावांचून योग्य प्रश्न विचारतां येत नाहीं.

पैशाच्या बाबतींत असाच घात करणारा शब्द ‘साठा’ हा आहे. इंग्रजींत ह्या एका शब्दाच्या जागीं निदान तीन निराळ्या कल्पना आहेत. खडकांत एकंदर किती तेल किंवा वायु असावा ह्याचा अंदाज ही एक. त्यांतून पुढेमागें काढतां येईल अशी संभाव्य संपत्ति ही दुसरी. आणि आजच्या यंत्रानें, आजच्या भावांत, निश्चितपणें काढतां येईल तो ‘रिझर्व्ह’ ही तिसरी. पहिल्यांतून तिसऱ्यापर्यंत येतां येतां आंकडा फार लहान होतो. चांगल्या तेलक्षेत्रांतूनहि एकंदर तेलाच्या तृतीयांशाच्या आसपासच तेल हातीं येतें. बाकीचें खडकाच्या झिरपणींत अडकून राहतें, आणि तें पुढें ढकलण्यास विहिरींतून पाणी सोडावें लागतें. मराठी वार्तेंत मात्र तिन्ही ‘साठा’च होतात. २००५ सालीं कृष्णा-गोदावरीच्या समुद्रांत एका क्षेत्रांत वीस लक्ष कोटि घनफूट वायु असल्याची घोषणा झाली होती. पुढच्या तपासणींत, खरोखर काढतां येण्याजोगा वायु हा त्याचा लहानसा अंश ठरला. पहिला आंकडा ज्यांनीं तिजोरींतील धन समजून ऐकला, त्यांची निराशा झाली. शेतांतील उभें पीक आणि कणगींतील धान्य ह्यांतला भेद आपल्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाहीं. तेलाच्या बाबतींत तोच भेद सुशिक्षितांनाहि सांगावा लागतो.

यावर उपाय काय, हा वाद नागपूरला नवा नाहीं. डॉ. रघुवीर ह्यांनीं १९४६ सालीं आपली संस्था नागपुरास आणली, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारच्या आश्रयानें संस्कृत धातु, उपसर्ग व प्रत्यय ह्यांच्या आधारें हजारों पारिभाषिक शब्द रचले. त्यांचा मोठा इंग्रजी-हिंदी कोश १९५५ सालीं नागपुरांतूनच प्रसिद्ध झाला. त्या परिश्रमांची थोरवी नाकारतां येणार नाहीं. एका मूळ शब्दापासून शब्दांचें संपूर्ण कुटुंब उभें करण्याची संस्कृतची शक्ति त्यांनीं दाखवून दिली. पण त्यांतले पुष्कळ शब्द कोशांतच राहिले, कारण ते वापरणारें काम त्या भाषेंत चालत नव्हतें. याच्या उलट घासलेट आणि बोअर हे शब्द कोणत्याहि नियमांत न बसतां टिकले. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालीं, म्हणजे मुंबई हायचें तेल वाहूं लागलें त्याच वर्षीं, बाहेर पडला; त्याच्या पुढील खंडांनीं खनिज तेलाचें शास्त्र मराठींत समजावून सांगितलें. तरीहि फलाटावर काम करणाऱ्या मराठी तरुणाची भाषा रिग, मड, केसिंग हीच राहिली.

ह्यांत खेद मानण्याचें कारण नाहीं, परंतु विवेक मात्र हवा. जे शब्द हत्याराचें किंवा भागाचें नांव आहेत, ते कामकऱ्यांच्या तोंडीं बसलेलेच ठेवावेत. रिगला रिग आणि बॅरलला बॅरल म्हटल्यानें मराठीचें कांहीं बिघडत नाहीं, जसें रॉकेलनें बिघडलें नाहीं. परंतु ज्या शब्दांत विचार भरलेला आहे, ज्यांच्यावरून नागरिक धोका, संपत्ति आणि जबाबदारी ह्यांचें मोजमाप करतो, त्यांना मराठींत स्पष्ट आणि निरनिराळीं नांवें मिळालींच पाहिजेत. सापळा, झांकणाचा खडक, झिरपण हे शब्द घरांतलेच आहेत. साठ्याच्या जागीं तीन शब्द हवेत: खडकांतलें एकंदर तेल, काढतां येईल असें तेल, आणि हातचें तेल. ते संपादकांनीं ठरवावेत आणि वर्तमानपत्रांनीं पाळावेत. भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक आज बाहेरून येतें. त्याची किंमत प्रत्येक घर चुकवितें. तेव्हां ज्या भाषेंत तिचा हिशेब मांडला जातो, ती भाषा समजणें हा त्या घराचा हक्क आहे.